घरघर कुणाची? : सोनारीच्या नऊ कॅसेटी आणि एक कंडेन्सर

धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यातले सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवळासाठी आणि तिथल्या माकडांसाठी ओळखले जाते. माझे आजोळ त्याच भागातले. माझे मामा चैत्रातल्या यात्रेला, लग्नांना आणि सप्त्यांना लाउडस्पीकर पुरवत. माकडे कर्ण्याच्या वायरी ओढत आणि मामा खाली उभे राहून त्यांच्याशी भांडत, ही सोनारीची माझी पहिली आठवण.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला आणि बार्शीत पंचवीस वर्षे दुरुस्तीचे दुकान चालवले. लोक टीव्ही दुरुस्त करण्याऐवजी बदलू लागले, तेव्हा रिकाम्या वेळात आसपासच्या गावांतली जुनी ध्वनिमुद्रणे गोळा करू लागलो. जे काही शिकलो ते चुकत चुकत. या लेखात अशीच एक चूक आणि तिच्यामुळे सुटलेला एक छोटा पेच मांडतो आहे.

नऊ कॅसेटी

मामांचा धंदा थांबल्यावर त्यांच्या माळ्यावरून मला नऊ कॅसेटी मिळाल्या. यात्रेत माईकवर जे चालले असेल ते मशीनच्या मागच्या सॉकेटमधून टेपरेकॉर्डरवर उतरवून घ्यायची त्यांना हौस होती. बहुतेक कॅसेटींवरच्या चिठ्ठ्या उंदरांनी खाल्लेल्या. भजने होती, एक कीर्तन होते, हरवलेल्या मुलांच्या घोषणा होत्या. आणि दोन कॅसेटींवर भराड होते.

भराडी, म्हणजे डवरी गोसावी, हे नाथपंथी. भैरवनाथ आणि जोगेश्वरीच्या नावाने ते रात्रभर भराड घालतात. हातात डौर असतो आणि या डौरावरूनच 'डवरी' हे नाव आले. भराड हा मौखिक परंपरेचा प्रकार. गाणारा गेला की त्याची धाटणी, त्याचे थांबे आणि मधली बोलणी त्याच्याबरोबर जातात.

दोन्ही कॅसेटींवरचे आवाज वेगळे होते. एक अगदी स्वच्छ. दुसऱ्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत मशीनची घरघर, इतकी की डौराचा खालचा ठोका जवळजवळ ऐकूच येत नाही. भराड्याच्या घरचा एक तरुण, त्याचा नातू, माझ्याकडे आला. त्याच्या आजोबांचे भराड मामांनी टेप केले होते, हे घरात सगळ्यांना माहीत होते. आजोबा १९८५ च्या पावसाळ्यात गेले. नातवाचा जन्म त्यानंतरचा. त्याने स्वच्छ कॅसेट ऐकली, डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "काका, हेच आमचे आजोबा. घरात सगळे म्हणतात, त्यांचा आवाज असा खणखणीत होता."

मला खात्री नव्हती. घरघरीच्या कॅसेटबद्दल एका जाणकाराने मला सांगितले होते की जुन्या टेपला आवाज असायचाच, तो काळाचा परिणाम. दुरुस्तीच्या धंद्यात आयुष्य घालवल्यामुळे हे मला पटेना. टेप जुनी झाली की वरचे स्वर बोथट होतात, मागे सूं सूं येते. पण सलग, एकाच सुरातली घरघर टेप स्वतःहून तयार करत नाही. ती मुद्रणाच्या दिवशीच मशीनमध्ये होती.

व्होल्टाचा शब्द, मिस्त्रीच्या तोंडी

आपल्याकडे लाउडस्पीकरचा इतिहास सहसा माईकच्या पुढे उभ्या असलेल्या माणसांचा लिहिला जातो. गांधीजी, नेहरू, सुभाषबाबू यांच्या जुन्या छायाचित्रांत माईकवर 'शिकागो रेडिओ' ही अक्षरे दिसतात. ती मुंबईच्या मोटवाने कुटुंबाची कंपनी. अहुजा हे दिल्लीचे नाव १९४० पासूनचे आणि पुढे खेडोपाडीच्या मंडपांत तेच सर्वाधिक दिसू लागले. बार्शीत जन्मलेल्या शाहीर अमर शेखांच्या आवाजाच्या आठवणी आमच्याकडे अजून सांगतात. पण माईकच्या मागे, पेटीच्या आत काय चालले होते आणि ते कोणी चालू ठेवले, याची नोंद सापडत नाही.

त्या पेटीतला सर्वात अल्पायुषी भाग म्हणजे कपॅसिटर. पाठ्यपुस्तकात त्याला धारित्र म्हणतात, माझ्या पिढीचे मिस्त्री कंडेन्सर म्हणतात. हा शब्द अडाणीपणाचा नाही. वीज साठवणारी पहिली बरणी १७४५-४६ मध्ये फॉन क्लाइस्ट आणि लायडनचे मुसेनब्रूक यांनी स्वतंत्रपणे बनवली. इटलीच्या व्होल्टाने १७८२ मध्ये अशा साधनाला 'कंडेन्सर' म्हटले. इंग्रजी पुस्तकांनी विसाव्या शतकात तो शब्द सोडला आणि 'कपॅसिटर' घेतला. परांडा-बार्शीच्या टेबलांवर मात्र व्होल्टाचाच शब्द टिकून राहिला.

आपल्या कथेतला कंडेन्सर इलेक्ट्रोलिटिक जातीचा आहे. या जातीचे पेटंट पोलिश संशोधक कारोल पोलाक यांनी १८९६ मध्ये घेतले. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये रसायनाने भिजवलेला कागद, सगळे गुंडाळून डबीत बंद केलेले आणि तोंडाशी रबराचे बूच. एका पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि त्या थरामुळेच एवढ्याशा डबीत एवढी वीज मावते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस रेडिओ बॅटरीऐवजी घरच्या विजेवर चालू लागले. तेव्हा घरघरीचा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उभा राहिला आणि हा कंडेन्सर घरोघर पोचला.

त्याचे काम आमच्या दुष्काळी भागात समजावणे सोपे आहे. नळाला पाणी थांबून थांबून येते, पण घरात टाकी असेल तर तोटीला धार सलग मिळते. विजेचेही तसेच. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची. ती सरळ करताना सेकंदाला १०० उसळ्या तयार होतात. फिल्टरचा मोठा कंडेन्सर ही टाकी. तो त्या उसळ्या पोटात घेऊन मशीनला सलग वीज देतो. आतला कागद सुकत गेला की टाकी लहान होत जाते. मग उसळ्या आवाजात उतरतात आणि कर्ण्यातून ऐकू येतात ती शंभराची घरघर.

सुकण्याचा वेग उष्णतेवर ठरतो. धंद्यातला ठोकताळा असा की तापमान दर १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. ८५ अंशांवर २००० तास टिकण्याचा दर्जा असलेला कंडेन्सर ४५ अंशांवर ३२,००० तास चालायला हवा, पण ६५ अंशांवर ८००० तासच. चैत्रातले ऊन, वर पत्र्याचा मंडप आणि शेजारी तापलेला ट्रान्सफॉर्मर, अशा स्थितीत पेटीच्या आत किती अंश होत असतील? त्यात यात्रेचे मशीन पावसाळाभर पोत्यात गुंडाळून पडते. वीज न मिळता फार काळ पडून राहिले की ऑक्साइडचा थरही कमजोर होतो.

पन्नास की शंभर

इथे माझी चूक सांगतो. दुकानाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका भजनी मंडळाचे मशीन माझ्याकडे आले. तक्रार घरघरीची. मी उत्साहाने त्यातले सगळे कंडेन्सर बदलले, चांगले तीस-बत्तीस, आणि पैसेही तसेच घेतले. मशीन लावले तर घरघर तशीच. दोष माईकच्या वायरीत होता; तिच्या जाळीचे टोक सुटले होते आणि वायर आसपासची वीज ओढत होती. त्यातले बरेच कंडेन्सर फिल्मचे आणि सिरॅमिकचे होते. त्यांत सुकण्यासारखे काही नसते, ते चाळीस वर्षांनीही बहुधा ठीक असतात. मी चांगले भाग काढून फेकले आणि एका ठिकाणी बोर्डाची पट्टीही उचकटली. मंडळाचे पैसे परत केले. पण त्या दिवसापासून आधी ऐकायचे आणि मगच सोल्डर गरम करायचा, ही सवय लागली.

काय ऐकायचे? वायरीतून किंवा अर्थिंगच्या दोषातून येते ती मुख्यतः ५० ची घरघर. सुकलेल्या फिल्टरमधून येते ती १०० ची. दोन्ही स्वर एकच, फक्त एका सप्तकाचे अंतर, म्हणून कानाला फसवतात. पेटीवर १०० म्हणजे पांढरी पाचच्या खर्जाच्या किंचित वर. ५० चा स्वर लहान स्पीकरमधून धड ऐकूही येत नाही, मोठ्या स्पीकरपुढे तो छातीत जाणवतो. सूं सूं हा तिसरा प्रकार. तो रेझिस्टर आणि पहिल्या ट्रान्झिस्टरचा असतो आणि कंडेन्सर बदलून जात नाही. आवाजाचे बटण फिरवताना होणारी खरखर चौथी. दोन टप्प्यांच्या मध्ये बसवलेला कंडेन्सर गळू लागला की नको असलेली वीज बटणापर्यंत पोचते आणि बटण खरखरते. तोच कंडेन्सर सुकला तर आवाजातला खर्ज जातो, माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो.

ही दुरुस्तीची विद्या. नऊ कॅसेटी समोर ठेवल्यावर मला वाटले, हिलाच उलटे चालवले तर? घरघर ऐकून मशीनचा दोष ओळखतो, तसा दोषावरून मुद्रणाचा काळ ओळखता येईल का?

परदेशात याच्या जवळची एक पद्धत आहे. विजेच्या जाळ्याची वारंवारिता सतत किंचित खालीवर होत असते आणि मुद्रणात उतरलेल्या घरघरीत ते चढउतार राहतात. जाळ्याच्या नोंदींशी ते जुळवून न्यायवैद्यक तज्ज्ञ मुद्रणाची वेळ ठरवतात. रुमानियाच्या कातालिन ग्रिगोरास यांचे या विषयातले काम प्रसिद्ध आहे. यात्रेतल्या जुन्या कॅसेटींना ती पद्धत लावायला माझ्याकडे अशा नोंदी नव्हत्या आणि कॅसेटची गतीही एकसारखी नसते. माझ्याकडे फक्त मशीन होते.

कॅसेटी काय म्हणाल्या

नऊही कॅसेटी संगणकावर उतरवल्या आणि दोन गाण्यांच्या मधल्या शांत जागा तेवढ्या तपासल्या. एका भजनाच्या कॅसेटमध्ये घरघरीचा सूर मधूनच खाली येई, पुन्हा चढे. कॅसेटची गती बिघडली म्हणावे, तर मागे धरलेला पेटीचा सूर जागचा हलत नव्हता. म्हणजे वीजच डळमळत होती : त्या रात्री मशीन जनरेटरवर होते आणि दिवे लागले की इंजिन दमत होते. ही कॅसेट मी बाजूला ठेवली.

उरलेल्या आठांपैकी पाचांत शंभराची घरघर होती, कमीजास्त. कॅसेटीकॅसेटीत मुद्रणाची पातळी वेगळी, त्यामुळे थेट तुलना चालत नाही. म्हणून प्रत्येक शांत जागेत ५० आणि १०० यांचे एकमेकांशी प्रमाण पाहिले. जागा तीच, देवळापुढची, वायरी साधारण त्याच. त्यामुळे ५० चा वाटा फारसा बदलू नये, आणि १०० चा वाटा कंडेन्सर सुकेल तसा वाढत जावा. पाच कॅसेटी या प्रमाणाने लावल्या तर एक चढती ओळ तयार झाली. भराडाची घरघरती कॅसेट त्या ओळीत चौथी आली. पाचवीत, सर्वात वाईट घरघरीच्या कॅसेटमध्ये, कोणीतरी माईकजवळ येऊन म्हणते, "मशीन घुमाय लागलंय की रं." आणि मामांचा आवाज येतो, "घुमू दी. देवाच्या दारातच घुमतंय."

उरल्या तीन स्वच्छ कॅसेटी, भराडाची दुसरी त्यांतच. स्वच्छ म्हणजे कधीची? मशीन नवे असतानाची की दुरुस्तीनंतरची? दोन्ही शक्य. नातवाचे म्हणणे खरे ठरायचे तर ती १९८५ च्या आधीची हवी.

मशीन उघडले

मामांचे मशीन माझ्याकडेच होते. मागची जाळी काढून आत पाहिले. जवळजवळ सगळे कंडेन्सर मूळचे, एकाच जातीचे, फिकट निळे. फक्त फिल्टरचा मोठा कंडेन्सर वेगळा होता : रंग काळा, आकार मूळच्या खाचेपेक्षा मोठा, तारेने आवळून बांधलेला, खालचा सोल्डर हाताने मारलेला. त्याच्या बुडाशी बारीक अंक होते : ०९ ८७.

कारखान्याने छापलेला महिना आणि वर्ष. सप्टेंबर १९८७ च्या आधी हा कंडेन्सर जगात नव्हता.

तरी प्रश्न सुटला नव्हता, कारण स्वच्छ कॅसेट नव्या मशीनवरची असू शकत होती. मग मी स्वच्छ भराड पुन्हा ऐकले, या वेळी गाणाऱ्याकडे लक्ष न देता. मध्ये दोनदा कोणीतरी आवाज वाढवतो आणि दोन्ही वेळा बटण खर्रर्र करते. चढत्या ओळीतल्या पहिल्या दोन कॅसेटींत बटण फिरते तेव्हा काही होत नाही. तिसरीपासून खरखर सुरू होते आणि पुढे वाढत जाते. आणि मशीनमध्ये दोन टप्प्यांमधला कंडेन्सर आजही मूळचाच होता; तपासला तर गळत होता. म्हणजे स्वच्छ भराडाच्या वेळी मशीन जुनेच होते, बटण खरखरत होते, फक्त घरघर गेली होती. नव्या मशीनला घरघर नसते, पण खरखरही नसते.

मामांना विचारले. आता ऐंशीच्या घरात आहेत. आधी म्हणाले, "मी मशीन कधीच उघडू दिलं न्हाई." मग काळा कंडेन्सर हातात दिला तेव्हा बराच वेळ तो फिरवत बसले. "यात्रेच्या आदल्या रातीला बार्शीवरनं मिस्त्री आणला होता. एस्टी चुकली त्याची, मंडपातच झोपला." एकदाच झाले ते, याची त्यांना खात्री होती. यात्रा चैत्रातली, कंडेन्सर सप्टेंबर ८७ चा. म्हणजे स्वच्छ भराड लवकरात लवकर चैत्र १९८८ मधले.

आजोबा जाऊन तोवर दोन पावसाळे उलटले होते.

ही साखळी न्यायालयात टिकेल असे मी म्हणत नाही. त्याआधीही एखादा कंडेन्सर बदलला गेला असेल आणि मामा विसरले असतील. पण पाच कॅसेटींची चढती घरघर मध्ये कुठे खाली येत नाही, आणि माझ्याजवळ असलेल्या सगळ्या खुणा एकाच दिशेला जातात. स्वच्छ कॅसेटवरचा आवाज आजोबांचा नाही. असेल तर घरघरीखाली दबलेला आवाज त्यांचा.

नातवाला सांगताना

हे त्याला कसे सांगावे, यात माझा आठवडा गेला. आधी वाटले, घरघर काढून द्यावी, म्हणजे धक्का कमी बसेल. पण आज मशीनचा कंडेन्सर बदलून तेव्हाची कॅसेट स्वच्छ होत नाही. ती दुरुस्ती त्या वर्षीच, त्या यात्रेच्या आधीच व्हायला हवी होती. आता उरते संगणकावर १००, २००, ३०० च्या फटी पाडून घरघर कापणे. तसे केले. घरघर बरीच गेली, पण डौराच्या ठोक्याचा गाभाही तिच्याबरोबर पातळ झाला. त्याचा खालचा नाद त्याच जागेत होता.

तो आला तेव्हा मी त्याला सगळे दाखवले : काळा कंडेन्सर, त्यावरचे अंक, बटणाची खरखर. तो शिकलेला, गॅरेजमध्ये काम करणारा मुलगा. त्याला पटायला वेळ लागला नाही, पण बोलायला लागला. मग विचारले, "मग स्वच्छ कॅसेटवर कोण?" मला सांगता आले नाही. त्याने ती घरी नेली. चार दिवसांनी त्याचा फोन आला. चुलत्यांनी ऐकली होती आणि ओळखली होती : आजोबांचे धाकटे भाऊ. घरात त्यांच्या आवाजाची कुणी आठवणही काढत नव्हते.

घरघरीच्या कॅसेटच्या दोन्ही प्रती मी त्याला दिल्या, मूळची आणि घरघर कापलेली. पुढच्या भेटीत त्याने सांगितले की त्याच्या आजीला मूळचीच आवडली. कापलेली ऐकून म्हणाली, यात डौर कुठं हाय?

एक चिठ्ठी

माझ्या दुकानात टेबलाखाली एक पत्र्याचा डबा होता. काढलेले कंडेन्सर मी त्यात टाकत असे आणि भरला की भंगारवाल्याला देत असे. त्यातल्या कितीतरी डब्यांवर महिना-वर्ष छापलेले असणार, आणि कोणत्या गावच्या कोणत्या मशीनमधून ते निघाले हे मलाच माहीत होते. पंचवीस वर्षे मी पुरावा किलोने विकला.

पीटर मॅन्युएल यांचे उत्तर भारतातल्या कॅसेटींवरचे पुस्तक १९९३ मध्ये आले आणि कॅसेट हा अभ्यासाचा विषय झाला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गाणाऱ्यांची नावे आणि गावे त्यांनी जपली, म्हणून त्या ओव्या आज माणसांच्या आहेत. आमच्या देवळांच्या आणि मंडळांच्या माळ्यांवरच्या कॅसेटींना अशी नावे नाहीत. ती परत मिळवायची असतील तर मशीनही साक्षीदार आहे.

म्हणून ज्यांच्याकडे अशी जुनी मशीन आहेत त्यांना एवढेच सांगणे आहे. मशीन घुमत असेल तर पुढच्या कार्यक्रमाआधी ते जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. आतला मोठा कंडेन्सर बंद मशीनमध्येही वीज धरून असतो, स्वतः हात घालू नका. काढलेला भाग फेकू नका, पाकिटात घाला. आणि जाळी लावण्याआधी आत एक चिठ्ठी ठेवा : कोणता भाग बदलला, कोणत्या दिवशी, कोणी.

मामांच्या मशीनचा गळका कंडेन्सर मी या पाडव्याला बदलला. बटण आता खरखरत नाही. काळा कंडेन्सर मात्र काढला नाही. तो अजून चांगला आहे. आत चिठ्ठी ठेवली आहे. बार्शीच्या त्या मिस्त्रीचे नाव मामांना आठवले नाही, म्हणून त्याच्या नावाची ओळ तेवढी कोरी आहे.